चार सेकंदांचा वाचक

२५ जून २०१३ रोजी चाकणच्या बजाज ऑटोच्या कारखान्यात कामगारांनी काम थांबवलं. दिलीप पवार यांच्या नेतृत्वाखालच्या विश्वकल्याण कामगार संघटनेच्या मागण्यांत एक मागणी अशी होती की तिची चर्चा देशभरातल्या वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर झाली: प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया भावाने द्यावेत. मागणीमागे तर्क होता. गाड्या कामगाराच्या हातून तयार होतात, त्या विकून नफा होतो, मग त्या नफ्यात मालकीच्या रूपाने त्याचाही वाटा असावा. ५० दिवसांनी, ऑगस्टच्या मध्यात, आंदोलन मागे घेतलं गेलं. शेअर मिळाले नाहीत.

त्या लढ्याची कारणमीमांसा वेगळी करावी लागेल. तिच्यात करार, कायदा, बाजार असं बरंच काही येतं. पोस्टर करायला बसलेल्या माणसाला मात्र या मागणीतून एक गोष्ट शिकता येते. शेजारच्या कंपनीतला कामगार दुचाकीवरून जाताना फलकावर ‘५०० शेअर, १ रुपया’ एवढं वाचतो तेव्हा त्याच्या मनात प्रश्न उभे राहतात. शेअर कशासाठी? एक रुपयाच का? मला यातलं काय मिळणार? सभेत वक्ता या प्रश्नांची उत्तरं देऊ शकतो, पत्रकात दोन परिच्छेद लिहिता येतात. फलकाला तेवढी उसंत नसते. तो प्रश्न निर्माण करून मागे राहतो आणि वाचणारा पुढच्या चौकात पोचलेला असतो.

चाकण खेड तालुक्यात येतं. याच तालुक्यातलं कनेरसर हे नारायण मेघाजी लोखंडे यांचं मूळ गाव. १८८४ मध्ये मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या वतीने लोखंड्यांनी जे निवेदन तयार केलं त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला भरपाई. निवेदनात पाच मागण्या शोभतात, कारण ते बसून वाचायचं असतं. लोकांच्या तोंडी मात्र एकच राहिली: रविवारची सुट्टी. १० जून १८९० रोजी ती मिळाली. लोखंड्यांच्या काळी गिरणीच्या दारात छापील रंगीत पोस्टरं नव्हती, आणि वाचता येणारे कामगारही थोडे. पण ‘रविवारी सुट्टी’ ही मागणी कुणालाही समजावून सांगावी लागली नाही. ज्याला ती हवी होती त्याला ती ऐकताक्षणी कळली, ज्याला द्यायची नव्हती त्यालाही कळली. पोस्टरवर घालायची मागणी या कसोटीला उतरली पाहिजे. बाकीच्या चार मागण्या सोडून द्यायच्या नसतात. त्यांची जागा पत्रकात आणि मागणीपत्रात आहे.

आता हे पोस्टर वाचणार कोण, ते पाहू. पुस्तकांमध्ये पोस्टरच्या रचनेची सुरुवात रंगापासून किंवा अक्षरापासून होते. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात ती वाचणाऱ्यापासून करावी लागते, कारण इथला वाचक फार वेगळ्या परिस्थितीत उभा आहे.

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, साठीच्या दशकात टेल्को आली, आकुर्डीत बजाज उभी राहिली. भोसरीच्या ब्लॉकांमध्ये या मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने वाढले. त्या काळचा कामगार बहुतांशी परमनंट होता. गेटवरच्या युनियनच्या फळ्यापुढे तो थांबायचा, चष्मा काढून नीट वाचायचा, शेजारच्याशी वाद घालायचा. नव्वदीनंतर उद्योग चाकणकडे सरकला. महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, खालुंब्रे ही गावं कंपन्यांच्या पत्त्यांत आली. त्याच सुमारास कामगारही बदलला. आज या गेटांतून आत जाणाऱ्यांत ठेकेदाराची माणसं, ट्रेनी, अप्रेंटिस, ठरावीक मुदतीवर घेतलेले, असे कितीतरी जण असतात. कुणी लातूर-नांदेडचा, कुणी वाशिम-बुलढाण्याचा, कुणी बिहार किंवा ओडिशातून आलेला. त्याचं काम परमनंट कामगारासारखंच असतं, पण उद्याची हजेरी ठेकेदाराच्या मर्जीवर असते. गेटवर कॅमेरा असतो. युनियनच्या फलकापुढे तो अर्धा मिनिट उभा राहिला तर ते कुणाला तरी दिसतं, आणि पुढच्या आठवड्यात त्याला ‘ब्रेक’ मिळू शकतो.

ज्याच्यासाठी पोस्टर सर्वांत जास्त गरजेचं आहे त्याला थांबून वाचणं परवडत नाही. चालता चालता, मान न वळवता, बसच्या खिडकीतून वाचता येईल असंच पोस्टर त्याच्या उपयोगाचं. माझ्या मते या पट्ट्यातल्या पोस्टरचा सगळा विचार या एका गोष्टीतून निघतो. अक्षराची उंची, शब्दांची संख्या, रंग, चित्र, फलक कुठे धरायचा, सगळंच.

थोडं गणित करू. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी कंपनीची बस सेकंदाला साधारण २७ फूट अंतर कापते. फलक १०० फुटांवरून दिसायला लागला तर चार सेकंदांच्या आत तो मागे पडतो. या चार सेकंदांत माणूस सहा-सात शब्द वाचतो, तेही ओळखीचे असतील तर. पाट्या रंगवणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा की दर दहा फुटांमागे एक इंच उंचीचं अक्षर ठेवलं की वाचणाऱ्याला त्रास होत नाही. म्हणजे १०० फुटांसाठी दहा इंच. दहा इंच उंचीच्या देवनागरी अक्षराला आडवी जागा सुमारे आठ इंच लागते. दहा फुटी फ्लेक्सवर कडेची मोकळी जागा सोडली तर एका ओळीत बारा-तेरा अक्षरं मावतात. आणि उंची? शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार. दहा इंचांच्या अक्षराला दोन ओळींमध्ये धरून अठरा इंच तरी द्यावे लागतात. चार फुटी उंचीत दोन ओळी बसल्या की खाली तारीख, वेळ आणि ठिकाण टाकण्यापुरती पट्टी उरते. दहा बाय चारच्या फलकावर एवढंच मावतं. त्याच्यावर जो मजकूर कोंबला जाईल तो फक्त छापखान्यातल्या माणसाने वाचलेला असेल.

आता कमिटीच्या बैठकीतून येणारा मजकूर घ्या. ‘व्यवस्थापनाच्या कामगारविरोधी धोरणाचा जाहीर निषेध.’ तेवीस अक्षरं, तीन जोडाक्षरं, आणि वाचून काय कळलं? कुठल्याही गेटवर, कुठल्याही वर्षी हे वाक्य लावता येईल. काय झालं, कुणाला काय हवं आहे, याचा पत्ता नाही. हे वाक्य लिहिणाऱ्याचा राग खरा असतो, म्हणूनच ते फुकट गेलेलं पाहून वाईट वाटतं. त्याला विचारावं: धोरण म्हणजे नेमकं काय घडलं? मग तो सांगतो, ‘चार तास जादा थांबवून घेतात आणि पैसे सिंगल रेटने देतात.’ पोस्टर या वाक्यात आहे. ‘जादा काम, दुप्पट दाम’ असं त्याचं फलकावरचं रूप होईल. नऊ अक्षरं, एक जोडाक्षर, एका ओळीत बसणारं.

आणि ते कायद्याने बरोबर आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वरच्या कामाला दुप्पट दर ठरवला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले, तरी दुप्पट दराचं तत्त्व वेतन संहितेत टिकलं आहे. त्याआधी सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. त्यामुळे जादा तासांचा हिशोब हा येत्या काळात या पट्ट्यातला रोजचा प्रश्न राहणार आहे. पोस्टरवर कलमाचा आकडा छापू नये असा माझा आग्रह आहे. कायदे बदलतात, कलमांचे क्रमांक बदलतात, आणि समोरचा पक्ष सगळ्यात आधी तीच चूक दाखवतो. कलमं मागणीपत्रात लिहावीत, वकिलाकडून तपासून घ्यावीत. फलकावर फक्त मागणी असावी, आणि ती शंभर टक्के खरी असावी.

खरेपणाची ताकद किती असते ते आकड्यांत दिसतं. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातलं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबलं आणि एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना ले-ऑफची नोटीस मिळाली. ग्रेट वॉल या चिनी कंपनीशी ठरलेला विक्रीचा व्यवहार २०२२ मध्ये बारगळला, पुढे २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला. या सगळ्या काळात कामगार आपल्या नोकऱ्यांसाठी लढत राहिले. या प्रकरणावर मला एकच पोस्टर करायला सांगितलं तर मी पांढऱ्या फलकावर काळ्या रंगात ‘१,४१९’ एवढाच आकडा घेईन आणि खाली बारीक अक्षरात ‘कामगार. काम कुठे?’ असं लिहीन. ‘हजारो कामगार देशोधडीला’ या ओळीवर वाद घालता येतो. १,४१९ वर येत नाही. तो मोजून आलेला आकडा आहे आणि त्यातल्या प्रत्येकाचं हजेरीपटावर नाव होतं.

अक्षरांकडे वळू. फ्लेक्सच्या दुकानात बसलेल्या डीटीपीवाल्याकडे श्री-लिपीचे जुने फॉन्ट असतात, तुम्ही मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरून युनिकोडमध्ये पाठवता, आणि रूपांतरात पहिल्या वेलांट्या उड्या मारतात, रफार भलत्या अक्षरावर बसतो. ‘वेतनवाढ’चं ‘वेतनवाड’ होऊन रात्रभर गेटवर लटकलं की दुसऱ्या दिवशी चर्चा मागणीची होत नाही, त्या चुकीची होते. म्हणून छापायला टाकण्यापूर्वी पडद्यावरचा मजकूर एका माणसाने मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून ताडावा. मराठीला सुंदर अक्षरांची कमतरता नाही. र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा फॉन्ट संगणकावरच्या वाचनासाठी घडवला. तो पडद्यावर छान दिसतो, पण त्याच्या बारीक रेषा रस्त्यावरच्या फलकासाठी नाजूक पडतात. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं जशी अक्षरांतून बोलती केली, तसं अक्षर हाताशी असेल तर भाग्यच. नसेल तर मुक्त परवान्याने मिळणारे ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ यांसारखे फॉन्ट पुरेसे आहेत. जाडी सर्वांत जास्त घेऊ नये. देवनागरीत फार जाड वळण घेतलं की ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्या पोकळ्या बुजतात आणि लांबून सगळी अक्षरं एकसारखी काळी दिसतात. सावली, सोनेरी कडा, त्रिमितीचा फुगवटा यांतलं काहीही नको. वाढदिवसाच्या फ्लेक्सने आपल्या डोळ्यांना त्याची इतकी सवय लावली आहे की ते दिसलं की लोक शुभेच्छा समजून नजर फिरवतात.

त्याच सवयीतून नेत्यांच्या फोटोंची रांगही येते. संयुक्त कृती समितीचं पोस्टर असलं की प्रत्येक संघटनेला आपला अध्यक्ष वर हवा असतो. सात वर्तुळांतले सात चेहरे बसवल्यावर मागणीला खालची पट्टी मिळते. यावर तडजोड करू नये असं मला अगदी मनापासून वाटतं. नेता सभेला येणारच आहे, तो तिथे दिसेल. कामगाराचा फोटोही टाकू नये, पण त्याचं कारण वेगळं आहे. आज उत्साहाने फोटो काढू देणारा कंत्राटी मुलगा उद्या दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला गेला की तोच फोटो त्याच्या विरोधात जातो. चेहऱ्याऐवजी हात घ्या, पाठ घ्या, वस्तू घ्या.

मूठ हे कामगार चळवळीचं जगभरचं चिन्ह आहे, आणि तिच्याशी भांडण नाही. पण सगळ्यांच्या पोस्टरवर मूठ असल्यामुळे ती आता काही सांगत नाही. या पट्ट्यात सांगण्यासारख्या कितीतरी वस्तू पडून आहेत. पॉवर प्रेसवर दोन बटणं असतात. दोन्ही तळहात एकाच वेळी दाबले तरच प्रेस खाली यावी, म्हणजे हात डायपासून लांब राहावेत, हा त्यामागचा हेतू. उत्पादन वाढवण्यासाठी एक बटण दाबून बांधून ठेवलं की दुसरा हात मोकळा होतो, आणि बोटं जातात. प्रेस शॉपमध्ये काम केलेल्या माणसाला दोन बटणांवरचे दोन तळहात एवढं चित्र दाखवलं तरी तो सगळं समजतो. त्यातलं एक बटण चिकटपट्टीने बांधलेलं दाखवलं तर त्याला वेगळी ओळ लागणार नाही. लोखंड्यांच्या १८८४ च्या निवेदनातली जखमी कामगाराच्या भरपाईची मागणी आजही ताजी आहे, ती अशा चित्राने मांडता येते.

दुसरी वस्तू म्हणजे पगाराची स्लिप. एकाच लाइनवर, एकाच स्टेशनवर काम करणाऱ्या परमनंट आणि कंत्राटी कामगारांच्या दोन स्लिपा शेजारी शेजारी, नावं आणि नंबर पुसून, फक्त ‘हातात मिळालेली रक्कम’ ही ओळ मोठी करून. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या केंद्रीय नियमांत सारख्या कामाला सारखं वेतन हे तत्त्व लिहिलेलं होतं. ते फलकावर वाक्यात सांगितलं की घासून गुळगुळीत झालेलं वाटतं, दोन आकड्यांत सांगितलं की टोचतं. स्लिपवरून कंपनीतला विभाग ओळखता येणार नाही याची काळजी मात्र दोनदा घ्यावी.

चित्र असलंच पाहिजे असंही नाही. फेब्रुवारी १९६८ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात कचरागाडीच्या यंत्रात सापडून दोन सफाई कामगार मेले आणि सुमारे १,३०० कृष्णवर्णीय सफाई कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातल्या पुठ्ठ्यांवर पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत ‘मी माणूस आहे’ या अर्थाचं एकच छोटं वाक्य होतं, त्यातला ‘आहे’ अधोरेखित. शेकडो माणसं तेच वाक्य छातीवर घेऊन रांगेने चालली. तिथे प्रत्येकाच्या हातात वेगळी घोषणा असती तर छायाचित्रात फक्त गर्दी दिसली असती. पोलंडमध्ये १९८० साली ग्दान्स्कच्या गोदीतल्या संपात येझी यानिशेव्हस्की या तरुण चित्रकाराने ‘सॉलिडार्नोश्च’ हा शब्द लाल रंगात असा लिहिला की अक्षरं गर्दीतल्या माणसांसारखी एकमेकांना टेकून उभी आहेत. शब्दच चित्र झाला. देवनागरीत तर शिरोरेघ आहे, सगळ्या अक्षरांना एकत्र धरणारी. तिचा असा उपयोग करणारं कामगारांचं पोस्टर कुणीतरी करायला हवं.

रंगाबाबत एक अडचण आहे. लाल हा कामगार चळवळीचा रंग, पण अपुऱ्या उजेडात मानवी डोळ्याला लाल रंग सर्वांत आधी काळपट दिसू लागतो. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकात हे नोंदवलं. हिवाळ्यात फर्स्ट शिफ्टची बस पकडायला माणूस निघतो तेव्हा पुरतं उजाडलेलं नसतं, सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा मध्यरात्र जवळ आलेली असते. काळ्यावर लाल किंवा लालवर काळं लिहिलेला मजकूर या दोन्ही वेळी नाहीसा होतो. लाल पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं चालतात. पिवळ्यावर काळं सर्वांत लांबून दिसतं. शिवाय इथे रंगांना झेंडे चिकटलेले आहेत: लाल बावटा एका संघटनेचा, भगवा दुसरीचा, तिरंगी पट्टे तिसरीचे. कुठल्याच युनियनमध्ये नसलेल्या कंत्राटी कामगारापर्यंत पोचायचं असेल तर पिवळ्यावर काळ्यात छापावं. मग तो आधी मागणी वाचतो आणि नंतर विचारतो, हे कुणी लावलं?

फलक कुठे उभा आहे यावरून त्याचा मजकूर बदलतो. सप्टेंबर १९८९ मध्ये राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचे कामगार पिंपरीतून पुण्यात येऊन शनिवारवाड्यापुढे उपोषणाला बसले. हजारो माणसं. अखेर पोलिसांनी रात्री येऊन त्यांना तिथून उचललं. कारखान्याच्या गेटवरून शनिवारवाड्यावर येणं म्हणजे वाचक बदलणं होतं. गेटवर वाचणाऱ्याला बडतर्फी, करार, मान्यताप्राप्त युनियन हे शब्द पाठ असतात. शनिवारवाड्यासमोरून जाणाऱ्या पेठेतल्या गृहस्थाला यातलं काही माहीत नसतं. त्याला एवढंच कळायला हवं की ही माणसं कोण, आणि ती उपाशी का बसली आहेत. आजही आंदोलन चाकणमधून उठून पिंपरीच्या आंबेडकर चौकात किंवा वाकडेवाडीच्या कामगार आयुक्त कार्यालयापुढे येतं तेव्हा गेटवरचेच फलक उचलून आणले जातात. त्यांच्यावर कंपनीचं आडनावासारखं छोटं नाव असतं, जे शहरात कुणी ओळखत नाही. शहरासाठी वेगळे फलक करावेत. चार जादा पुठ्ठे लागतील, एवढंच.

पुठ्ठ्यांचा मुद्दा मी मुद्दाम काढतो आहे. दहा बाय चारचा फ्लेक्स खांबाला बांधायचा तर महापालिकेच्या आकाशचिन्ह परवाना विभागाची परवानगी लागते. भिंतीवर चिकटवायचं तर १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे. एप्रिल २०२३ मध्ये किवळ्याला वादळात अनधिकृत होर्डिंग कोसळून पाच जण गेले, तेव्हापासून वाऱ्यात फडफडणाऱ्या मोठ्या फलकाकडे या शहरात कुणी निर्धास्तपणे पाहत नाही, आणि पाहूही नये. कंपनी न्यायालयातून गेटपासून अमुक मीटरच्या आत घोषणा-निदर्शनांना मनाई आणते. मग फलक दूर न्यावा लागतो आणि अक्षर तेवढंच मोठं करावं लागतं. व्यवस्थापनातल्या माणसाच्या घरासमोर निदर्शनं ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित प्रथा ठरवलेली आहे. साहेबाचं नाव आणि बंगल्याचा पत्ता फलकावर नको, याला कायद्याचं कारण आहेच. शिवाय घरात मुलंबाळं असतात. हातात धरायच्या दोन बाय दीड फुटी पुठ्ठ्याला खांब लागत नाही. काठीही टाळावी, पोलीस बंदोबस्तात ती काढून घेतात. दोन भोकं पाडून सुतळी ओवावी आणि गळ्यात घालावी. पाच माणसांना एकेक शब्द दिला की रस्त्याच्या कडेला सहा-सहा फुटांवर उभी राहिलेली ती पाच माणसं मिळून सुमारे पंचवीस फूट लांबीचं वाक्य होतं. बसमधल्याला ते क्रमाने वाचता येतं, आणि प्रत्येक शब्दाला पुरेसा वेळ मिळतो. फक्त माणसं बसच्या दिशेप्रमाणे उभी करायला हवीत.

मे १९६८ मध्ये पॅरिसच्या कलाशाळेत विद्यार्थ्यांनी आणि संपकरी कामगारांनी मिळून पोस्टरांचा कारखानाच चालवला. सिल्क स्क्रीनवर रात्रभर छापायचं, सकाळी भिंतींवर. कुठल्याही पोस्टरवर चित्रकाराची सही नाही. प्रत्येक नमुना सगळ्यांसमोर ठेवून दोनच प्रश्न विचारले जात: यातला विचार बरोबर आहे का, आणि पोस्टर तो विचार पोचवतं का? पुण्यात स्क्रीन प्रिंटिंग करणारे जागोजागी आहेत. टी-शर्टांवर, बॉक्सवर, मशीनच्या पॅनेलवर तेच छापतात. एकरंगी पुठ्ठे स्क्रीनवर छापले की फ्लेक्सच्या दुकानावर अवलंबून राहावं लागत नाही आणि मजकूर ऐनवेळी बाहेरही फुटत नाही. पॅरिसच्या दोन प्रश्नांत इथे मी तिसरा घालीन. नमुना पुठ्ठ्यावर काढून टपरीसमोर रस्त्यापलीकडे धरावा, चहा प्यायला आलेल्या, विषय माहीत नसलेल्या माणसाला चार आकडे मोजेपर्यंत दाखवावा आणि झाकावा. मग विचारावं, काय वाचलंत? त्याने जे सांगितलं ते तुमचं पोस्टर. कमिटीला जे सांगायचं होतं ते त्यात आलं नसेल तर मजकूर बदलायचा, त्या माणसाला समजावत बसायचं नाही. हिंदी बोलणाऱ्या कामगारालाही हीच परीक्षा द्यावी. पगार, काम, हक्क, ठेकेदार, दुप्पट असे दोन्हीकडे चालणारे शब्द निवडले की एकच फलक दोघांना पुरतो. ‘अतिकालिक भत्ता’ लिहिलं की दोघांनाही पुरत नाही. कामगार स्वतः ‘ओटी’ म्हणतो, तर खुशाल ‘ओटी’ लिहावं.

फलकापुढे न थांबू शकणारा हा माणूस एका ठिकाणी निवांत वाचतो: महाळुंग्यातल्या किंवा मोशीतल्या खोलीवर, रात्री, मोबाइलवर. बऱ्याच कंपन्या आत जाताना फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात किंवा फोन बाहेर ठेवायला लावतात, पण खोलीवर तो त्याचा असतो. म्हणून त्याच पोस्टरची एक चौकोनी प्रत व्हॉट्सअ‍ॅपसाठी करावी. वरचा भाग हुबेहूब फलकासारखा, म्हणजे सकाळी बसमधून दिसलेलं आणि हातातलं एकच आहे हे त्याला कळेल. खाली मात्र फलकावर न मावलेलं सगळं येऊ द्यावं: जादा तास कसे मोजायचे, स्लिपमध्ये कुठली ओळ पाहायची, तक्रार कुठे करायची, चिंचवडच्या ईएसआय रुग्णालयात जाताना कुठले कागद न्यायचे. फॉरवर्ड करणाऱ्याचं नाव, ग्रुपचं नाव, कुणाचा नंबर त्यात राहू देऊ नये. संपर्कासाठी युनियन कार्यालयाचा पत्ता आणि वेळ पुरते.

प्रत्येक पोस्टरच्या कोपऱ्यात तारीख घालावी, पूर्ण, वर्षासकट. वाटाघाटी सुरू झाल्या की मागणी बदलते. सोळा हजारांची चौदा हजार होते, कधी दोन मागण्यांची एक होते. जुना फलक गेटवर आणि जुनी प्रत मोबाइलवर फिरत राहिली तर कामगारांत गोंधळ होतो, आणि बैठकीत समोरचा पक्ष तोच कागद पुढे करून विचारतो, तुमची मागणी नक्की कुठली? तारखेमुळे त्याचं उत्तर देता येतं. सभा झाली की फलक काढून घ्यावेत, फ्लेक्स असेल तर तो पावसाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या पत्र्यावर उपयोगी पडतोच. पण प्रत्येक नमुन्याची एक प्रत मागे तारीख, गेट आणि मागणी लिहून युनियनच्या कपाटात सपाट ठेवावी. पुढच्या कराराच्या वेळी नवी कमिटी बसेल तेव्हा त्यांना मागच्या वेळी कुठलं वाक्य लोकांनी उचललं आणि कुठलं तसंच लटकत राहिलं हे कपाट उघडून पाहता येईल.